शेजारचं घर चालणार नाही

वंदना गेल्याचं तिच्या धाकट्या भावाने, मिलिंदने, फोनवर सांगितलं तेव्हा मी ठाण्याच्या आमच्या कॉलेजात पेपर तपासत बसले होते. "ताई, वंदूताई गेली," एवढंच म्हणाला. डॉक्टरांनी आशा सोडली होती, सगळं ठाऊक होतं. तरी माझ्या तोंडून निघालं, "असं कसं? तिचं एक घर राहिलंय ना अजून..." कुठलं घर ते त्याला बरोबर कळलं आणि तो रडायला लागला.

आमची ओळख एम.ए.च्या वर्गातली. दोघी समाजशास्त्राच्या, दोघींना आकड्यांची धास्ती. मी संख्याशास्त्राचा पेपर कसाबसा काढला. ठाण्यातल्याच कोपरीच्या चाळीतून आलेल्या वंदनाने मात्र त्या विषयाशी वैर धरलं आणि त्याला असा काबूत आणला, की पुढे कोपर स्टेशनजवळच्या तिच्या फ्लॅटमध्ये दर रविवारी सकाळी संशोधन करणाऱ्या मुलामुलींची उजळणी चालायची. फुकट, वर पोहे. सरासरी म्हणजे काय, असं कुणी विचारलं की ती नळाकडे बोट दाखवायची. "सोसायटी म्हणते, बिल्डिंगमध्ये घरटी सरासरी तासभर पाणी येतं. खाली बादल्या वाहतायत आणि चौथ्या माळ्यावर मी कोरडी. आता सांग, सरासरी खरी की माझी बादली?" मग मध्यक, म्हणजे रांगेत बरोबर मधोमध उभं असलेलं माणूस, मग प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून माणसं किती लांब उभी आहेत त्याचं माप. मुलं हसायची आणि हसता हसता त्यांना कळायचं. मी इतकी वर्षं शिकवते आहे, मला हे कधी साधलं नाही. खरं सांगायचं तर हेवा वाटायचा.

तिचा स्वतःचा प्रबंध मात्र रखडला. विषय मोहने गावाचा होता, कारखाना बंद पडल्यावर कामगारांच्या घरांचं काय झालं, हा. निवड आपल्या मर्जीने व्हायला नको म्हणून तिने सगळ्या घरांचे नंबर चिठ्ठ्यांवर लिहिले, पोह्यांच्या डब्यात घातले आणि डोळे मिटून काढले. ज्याची चिठ्ठी निघाली त्याच घरी जायचं, उत्तरं मिळाली की चिठ्ठी परत डब्यात. बरीच घरं बोलली. काही दारं मात्र उघडेनात. त्यांच्या चिठ्ठ्या तिने फ्रीजवर चुंबकाखाली अडकवून ठेवल्या. "त्यांच्याऐवजी शेजारचं घर घ्या आणि मोकळ्या व्हा, सगळे तेच करतात," तिचे गाइड म्हणाले. मीही तेच म्हटलं, तर माझ्यावर उखडली. "अगं, दार उघडणारा बोलण्याइतका तरी बरा असतो. ज्याचं सगळं संपलंय तोच कडी लावून बसतो. त्याला सोडलं की माझी सरासरी गोड होते. खोटी गोड."

पुढे त्यातलं एक दार उघडलं. आत मुलगा गेल्यापासून कुणाशी न बोललेली एक बाई होती. "बाजूवालीला विचारा ना, सगळ्यांचं सारखंच," ती म्हणाली. "नाही मावशी, चिठ्ठी तुमची निघालीय," म्हणत वंदना उंबऱ्यावरच बसली. त्या दिवशी घरी येऊन ती जेवली नाही. आधी लिहून झालेलं आख्खं प्रकरण आता खोटं वाटतं म्हणत तिने बाद केलं.

मग कॅन्सर निघाला... शेजारची घरं घेऊन प्रबंध देता आला असता. नावाआधी डॉक्टर लागावं हे तिच्या आईचं स्वप्न होतं आणि तिचंही. पण ही बाई केमो घेऊन, डोक्याला रुमाल बांधून रविवारी दुपारी मोहन्याला जायची. मी एकदा सोबत गेलेले. बंद दाराशी उभी राहून ती मोठ्याने सांगत होती, "काका, मी वंदना. आज नाही तर नाही, पुढच्या रविवारी येते हां." आजूबाजूचे लोक बघत होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिला ढिम्म फरक नाही. फ्रीजवरच्या चिठ्ठ्या कमी होत गेल्या. या काकांची तेवढी उरली. मग एका रविवारी पुन्हा त्यांच्या दाराशी जायच्या आत तिला हॉस्पिटलात न्यावं लागलं आणि ती परत आली नाही.

अपुरा प्रबंध देता येत नाही, गाइडनी कळवलं. विषय संपला. कोपरीत पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला. फ्लॅट रिकामा करताना मिलिंदने विचारलं, "ताई, फ्रीज देऊन टाकतोय. ही चिठ्ठी टाकू का?" मी ती चुंबकासकट पर्समध्ये ठेवली, पोह्यांचा डबाही मागून घेतला.

मागच्या रविवारी मोहन्याला गेले. कशासाठी, ते मलाही सांगता येणार नाही. त्या काकांचं दार सताड उघडं होतं. आत खाटेवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "त्या वंदना मॅडम नाय आल्या?"

मी चपला काढून आत आले.

"दर रविवारी यायच्या. मी आत बसून ऐकायचो. कोणाला तोंड दाखवावंसं वाटत नव्हतं. मग म्हटलं, एवढी येते बिचारी, उघडू या. उघडलं, तर त्या आल्याच नाय. तेव्हापासून रविवारचं उघडंच ठेवतो."

ती गेल्याचं मी सांगितलं. ते खाटेवर थोडे सरकले. मग म्हणाले, "बसा. काय विचारायचं होतं त्यांना?"

वंदनाचे प्रश्न मला पाठ होते. मी विचारत गेले, ते सांगत गेले. सगळं लिहून आणलं आहे. कुठल्याही प्रबंधात ते आता जाणार नाही.

डबा माझ्या ओट्यावर आहे. उत्तरं मिळाली, म्हणजे चिठ्ठी आत टाकायला हवी. रोज सकाळी चहा टाकताना ती समोर दिसते, माझ्या फ्रीजवर, तिच्याच चुंबकाखाली. डब्यात टाकली की वंदनाचं काम संपलं... आणि ते माझ्याच्याने होत नाही.