मॉन्टसेरातची वाळू

अमेरिकेत वेस्ट विंडसरला, २००६च्या सुमारास, बसथांब्यावर एक साठीची बाई रोज भेटायची. बाक रुमालाने पुसल्याशिवाय ती बसत नसे. एकदा मी तिला गाव विचारलं.

"मॉन्टसेरात. कॅरिबियनमधलं बेट. ज्वालामुखीच्या राखेखाली आमचं गाव गाडलं गेलं."

"मग आता तिथे धंदा काय?"

"वाळूचा. तीच राख खणून, चाळून बोटीने शेजारच्या बेटांवर बांधकामाला पाठवतात. माझा भाऊच मशीन चालवतो. काल फोनवर म्हणाला, ताई, आज खणताना आपल्या घराचं छप्पर लागलं."

"मग काय केलं त्याने?"

"खणत राहिला. बोट भरायची होती ना!"

बस आली. ती चढली. मी तिथेच उभा राहिलो आणि बस निघून गेली.