पुढचा लॉट, मागचा लॉट

मिशिगनमधल्या नोव्हाय गावात नवा मराठी माणूस उतरला की तांदूळ कुठे मिळतो हे त्याला कुणीही सांगायचं. गाडी कुठली घ्यावी हे मात्र एकालाच विचारायचं, प्रल्हाद उमाळकरला. हा मूळचा नागपूरच्या महालातला. एका कार कारखान्यात कंत्राटी इंजिनियर, आणि काम काय, तर सीट बसवणाऱ्या लाईनवर चुका शोधणं. घरीदारीही तो तेच करायचा. डीलरच्या सेल्समनने हसत कॉफी पुढे केली की हा म्हणायचा, "कॉफी नंतर. आधी किंमत." तासाभराने त्या सेल्समनचा चेहरा असा व्हायचा, की गाडी जणू त्याच्याच गळ्यात मारली जातेय.

गाडी पारखायची त्याची रीत सगळ्या मराठी मंडळाला ठाऊक होती. टेस्ट ड्राइव्हला जाताना तो दोन गोष्टी बरोबर न्यायचा. एक बासमतीची मोठी गोणी आणि एक आई. आई म्हणजे कुणाचीही, भारतातून सहा महिन्यांसाठी आलेली, गुडघ्यांनी जेरीस आलेली. उन्हाळ्यात तिथे अशा आयांचा तुटवडा नसतो. गोणी डिकीत टाकायची, आईला मागे बसवायचं, हायवेवर चक्कर मारून आणायची आणि मग म्हणायचं, "काकू, उतरा आता." उतरताना काकूंच्या तोंडून "आई गं" निघालं की गाडी बाद. बिचाऱ्या सेल्समनला कळायचंच नाही की आपला सौदा नेमका कुठे फिसकटला. या परीक्षेत बहुधा टोयोटाची कॅमरी नाही तर होंडाची अकॉर्ड, म्हणजे जपानी गाडीच पास व्हायची. म्हणून मंडळाचा कार्यक्रम असला की शाळेच्या पार्किंगमध्ये कॅमरी आणि अकॉर्डच उभ्या दिसायच्या, आणि निम्मे लोक घरी जाताना दुसऱ्याच्याच गाडीला किल्ली लावायचे.

यातच प्रल्हादच्या पुढच्या घोळाचं बी होतं. तो ज्या कारखान्यात जायचा तो एका अमेरिकन कार कंपनीचा. तिथला नियम असा, की गेटजवळच्या पार्किंग लॉटमध्ये फक्त कंपनीने बनवलेल्या गाड्या. बाकीच्यांनी रुळांपलीकडच्या मागच्या लॉटमध्ये लावायच्या आणि तिथून तंगडतोड करत यायचं. मिशिगनचा जानेवारी काही लाड करत नाही. माणूस गेटवर पोचेपर्यंत मिशीवर बर्फ धरायचा. मागच्या लॉटमध्ये सगळी कंत्राटी पोरं. ती यायची कॅमरी आणि अकॉर्डमधून, आणि त्या निवडून दिलेल्या प्रल्हादने.

"दादा, आम्हाला इथे तुम्हीच आणून ठेवलंय," यश एकदा म्हणाला. यश पुण्याचा, प्रल्हादच्याच खात्यात. तो गमतीत म्हणाला, पण प्रल्हादला ते झोंबलं. झोंबलं की त्याला स्वस्थ बसवत नसे. त्याने पोरांच्या सह्या गोळा केल्या आणि आपलं कंत्राट वर्षावर्षाने वाढवून मिळतं याची पर्वा न करता मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरला. "कॅमरी इथल्याच केंटकीत बनते," तो म्हणाला. "तुमची ती नवी लांब डिकीची वॅगन कॅनडात. मग बाहेरची कुठली, सांगा." मॅनेजरने अगदी आस्थेने ऐकून घेतलं. "बघतो" म्हणाला. आणि नियम होता तिथेच राहिला.

त्या दिवशी प्रल्हाद कँटीनमध्ये, सगळ्यांच्या समोर, डबा उघडायच्या आधीच बोलून बसला. "सगळ्यांना पुढे येऊ देत नाहीत तोवर माझी गाडी पुढच्या लॉटमध्ये दिसायची नाही. दिसली तर प्रल्हाद नाव लावणार नाही." पोरांनी टेबलं वाजवली. कॅमरी असलेल्या माणसाने अशी शपथ घ्यायला काय जातं, हे त्या वेळी कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्याच्याही नाही.

दोन हजार सहाच्या ऑक्टोबरात कॅमरीच्या गिअरबॉक्सने मान टाकली. मेकॅनिक म्हणाला, खर्च करू नका, हिला निरोप द्या. आणि ज्याने दुनियेला गाड्या घेऊन दिल्या त्या माणसाला स्वतःची गाडी काही ठरवता येईना.

कारण होतं वेगाचं. कॉलेजात असताना त्याच्याकडे जुनी येझदी होती. वर्धा रोडवर ती सोडली की मागून मित्र ओरडायचे, आणि त्यांचा आवाज मागे पडायचा. लग्नानंतर येझदी गेली. पुढे अमेरिका आली, कॅमरी आली, आणि सगळा जन्म उजव्या, संथ लेनमधून चालला. आता पंचेचाळिशी गाठताना त्याला एकदा पळणारी गाडी हवी होती. पण तीत गोणी मावायला हवी होती, मंडळाच्या गणपतीचं मखर आडवं बसायला हवं होतं, आणि उन्हाळ्यात त्याची स्वतःची आई येणार होती.

"मग मिनीव्हॅन घ्या," शोभना म्हणाली. ही त्याची बायको, त्याच्या रागाला पुरून उरलेली.

"मिनीव्हॅन म्हणजे चालतंबोलतं कपाट."

"मग रेसची गाडी घ्या. आईंना छपरावर बसवू."

राधिका, त्यांची मुलगी, जिन्यावरून ओरडली, "बाबा, इट्स जस्ट अ कार."

"तुझ्यासाठी असेल," प्रल्हाद म्हणाला, आणि मग बराच वेळ खिडकीतून शेजाऱ्याच्या गाडीकडे बघत राहिला.

त्या मोसमात परीक्षेला आई मिळाली ती यशची, वसुधाकाकू. पहिली टर्बो सुबारू. बर्फात घट्ट धरून चालणारी आणि पळायला खरोखर चांगली. पण तिचे शॉकअब्सॉर्बर असे कडक होते की काकूंनी उतरताना "आई गं" म्हटलंच, वर "रामा रे" असं आणखी एक जोडलं. बाद. मग व्ही-सिक्स, म्हणजे मोठ्या इंजिनाची अकॉर्ड. ती झटक्यात पास झाली. काकू म्हणाल्या, "छान आहे की, आमच्या यशच्या गाडीसारखीच." हे ऐकून प्रल्हादचं तोंड कडू झालं. सेल्समन कागद काढू लागला तेव्हा हा गोणी खांद्यावर घेऊन चालू पडला.

"अजून एक राहिली," शोभना घरी म्हणाली.

"कुठली?"

"तुमच्या कंपनीची ती वॅगन. बायकोला गाढव समजता का? ती टीव्हीवर आली की तुम्ही आवाज वाढवता."

"ती घ्यायची नाही."

"घेऊ नका ना. परीक्षेला तरी बसू द्या तिला."

शनिवारी सकाळी ग्रँड रिव्हर रस्त्यावरच्या डीलरकडे गोणी, काकू आणि प्रल्हाद असे तिघे हजर झाले. वॅगन गडद निळी होती. डिकी एवढी, की गोणी तीत एकटी पडली. मागची सीट अशा उंचीवर की काकू वाकल्याच नाहीत, नुसत्या बसल्या. हायवेच्या रॅम्पवर प्रल्हादने पाय दाबला आणि गाडी काही न बोलता निघाली. बाजूचा ट्रक मागे पडला, त्याच्या मागचा आणखी मागे पडला. प्रल्हादला वर्धा रोडवर मागे ओरडणारे मित्र आठवले. शेजारी बसलेल्या सेल्समनने दाराचा हँडल धरला. मागून काही आवाज नाही. काकू घाबरल्या असणार म्हणून त्याने पाय सैल केला.

"का रे?" काकू मागून म्हणाल्या. "संपली का हिची ताकद?"

परत आल्यावर काकू दार उघडून उतरल्या आणि पदर सारखा करून उभ्या राहिल्या. चकार शब्द नाही.

"काकू, पुन्हा एकदा बसा," प्रल्हाद म्हणाला.

त्या बसल्या. उतरल्या.

"एकदा या बाजूने."

त्या बाजूनेही बसल्या, उतरल्या. सेल्समन आता घाम पुसत होता. मिशिगनच्या ऑक्टोबरात.

"आणखी एकदा..."

"अरे बाबा," काकू म्हणाल्या, "हिला पास करायचंय का नापास? आधी ते ठरव. माझे गुडघे काही तुझ्या मनाचे धनी नाहीत."

प्रल्हादने डिकी उघडली. गोणी काढून तो आपल्या भाड्याच्या गाडीत टाकायला गेला आणि घाईत सेल्समनच्या गाडीत टाकून आला. दुपारी परत जाऊन आणावी लागली.

पुढचे काही आठवडे तो यशच्या कॅमरीतून कामाला जात राहिला. मागच्या लॉटमध्ये उतरायचं, रूळ ओलांडायचे, चालायचं. एके दिवशी त्याने विषय काढला.

"समज, मी ती वॅगन घेतली."

"घ्या की, दादा."

"आणि पुढे लावली."

यशने टोपी कानांवर ओढली. "लावा. आम्ही काय बोंब मारणार आहोत?"

"तेच म्हणतोय मी. बोंब मारली असती तर बरं झालं असतं. तुम्ही मनात ठेवाल."

गेटवर अर्ल होता. जन्म लाईनवर घालवून आता पहारेकरी झालेला, बाहेरच्या गाड्या मागच्या लॉटकडे वळवणारा, पोट सुटलेला, हाताच्या बोटांची नखं कायमची काळी. तो प्रल्हादला 'पी' म्हणायचा.

"ऐकलं, तू आपली वॅगन बघून आलास, पी."

"तुला कुणी सांगितलं?"

"या गावात एखादा टोयोटावाला आपल्या शोरूममध्ये पाय ठेवतो, तर कळत नाही होय?" मग आवाज उतरवून म्हणाला, "हे बघ, तू माझ्यावर राग धरतोस. धर. पण माझा मेहुणा ज्या कारखान्यात होता तो मागच्या वर्षी बंद पडला. पुढच्या लॉटमध्ये गाड्या दिसल्या की मला वाटतं, हा तरी चालू राहील. एवढंच आहे माझ्या डोक्यात."

प्रल्हादने या नियमावर आजवर हजार भांडणं केली होती. त्यातलं एकही त्याला त्या क्षणी आठवेना. अर्ल चुकलाय हे त्याला माहीत होतं. पण तो खोटं बोलत नाही, हेही दिसत होतं. मनातल्या मनात शिवी हासडायची तर ती कुणाला, हेच कळेना, आणि शिवी देता येत नाही म्हणजे प्रल्हादच्या लेखी प्रकरण फारच बिघडलं होतं.

घरी त्याने जेवण अर्धवट टाकलं. शोभनाने ताट उचललं नाही.

"तुम्हाला गाडी घ्यायचीय की मोर्चा काढायचाय?"

"दोन्ही."

"मग दोन्ही करा. पण हे घरात फेऱ्या मारणं बंद करा, कारपेट झिजलं."

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या दिवशी निळी वॅगन घरासमोर आली. शोभनाने हळदकुंकू लावलं. चारी चाकांखाली लिंबं ठेवली. शेजारचा म्हातारा कुत्र्याला फिरवत थांबला आणि विचारू लागला, लिंबं कशाला. "ब्रेक चांगले लागतात," प्रल्हाद म्हणाला, आणि म्हाताऱ्याने ते खरं मानलं. लिंबं चिरडत गाडी निघाली. हायवेवर शोभनाने मीटर बघितला आणि डोळे मिटले. "पळते खरी," डोळे न उघडता म्हणाली.

सोमवारी सकाळी बारीक बर्फ पडत होता. गेटवर अर्लने दुरूनच वॅगन ओळखली. टोपी काढली आणि दोन्ही हातांनी, विमान उतरवावं तसा, त्याला पुढच्या लॉटमध्ये ये म्हणून खुणावू लागला. अगदी दाराजवळची जागा. त्याने ती राखूनच ठेवली असावी, कारण तिथला बर्फ नुकताच झाडलेला होता.

प्रल्हाद गेटवर थांबला. मागे गाड्या थांबल्या. एकाने हॉर्न दिला. डावीकडे वळलं तर झाडलेली जागा होती. समोर रुळांपलीकडे ज्या गाड्या होत्या त्यातली जवळजवळ प्रत्येक त्याने गोणी उचलून निवडलेली. कँटीनमधली वाजलेली टेबलं आठवली. काच खाली करून तो म्हणाला, "मागे जातो, अर्ल."

अर्लचे हात हवेतच राहिले. "पी, ही आपली गाडी आहे. हिला मागे कुणी पाठवलेलं नाही."

"मला माहीत आहे."

"मग?"

हॉर्न पुन्हा वाजला. प्रल्हादने मान हलवली, हो आणि नाहीच्या मधे कुठेतरी, आणि गाडी सरळ काढली.

मागच्या लॉटमध्ये कॅमरींच्या रांगेत ती निळी वॅगन अशी दिसत होती, की बारशाला आलेल्या घोळक्यात एखादा हवालदार येऊन बसावा. यश आपल्या गाडीच्या दिव्यांवर गोठलेला बर्फ खरवडत होता. तो खरवडणं थांबवून बघत राहिला.

"दादा, इथे?"

"बोललो होतो ना."

यशच्या तोंडावर आनंद यायला हवा होता. तिथे भलतंच काहीतरी आलं. तो बुटाने बर्फ उकरू लागला. "दादा, एक सांगायचं होतं. आईला ती वॅगन फार आवडली. शनिवारी आम्ही जाऊन कंपनीचीच एक छोटी बुक केली. पुढच्या आठवड्यात येईल." मग घाईने म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही पुढेच लावणार. म्हणून म्हटलं, आपणही... आता मी कुठे लावू?"

प्रल्हादचा राग मस्तकापर्यंत आला, तिथे जरा घुटमळला आणि परत फिरला. पोरावर कशाला चिडायचं? गाडी निवडायची ती रीत त्याचीच, आईही त्यानेच मागून नेली होती.

"काकू उतरताना काही म्हणाल्या?" त्याने विचारलं.

"नाही. एकदम गप."

"मग गाडी चांगली आहे," तो म्हणाला. "लावायची कुठे ते मला विचारू नको. माझंच मला कळलेलं नाही."

दोघं रुळांकडे चालू लागले. रूळ ओलांडताना प्रल्हाद थांबला आणि त्याने वळून किल्लीचं बटण दाबलं. पांढऱ्या, करड्या कॅमरींच्या मधून दोन दिवे लुकलुकले.

"पण पळते कशी?" यशने विचारलं.

"एक नंबर," प्रल्हाद म्हणाला, आणि मिशीवरचा बर्फ पुसत गेटकडे निघाला. तिथे अर्ल हात खिशात घालून, झाडलेल्या रिकाम्या जागेशेजारी उभा होता.