शिक्क्याविना मान वळत नाही

जपानातल्या कुरे गावचे यासोकिची टेकडीवरून बाजारात उतरायचे ते खेकड्यासारखे, आडवे. खाली गोदी होती ना! गोदीकडे बघणार नाही, अशी शपथ त्यांनी आरमाराला शिक्का मारून लेखी दिली होती. आता देश हरला, आरमार मोडीत निघालं, त्याला सात वर्षं होऊन गेली. गोदी अमेरिकन कंपनीनं भाड्यानं घेतली, तिथं तेलवाहू जहाजं बांधायला लागले. पण 'आता बघायला हरकत नाही' असा हुकूम कुणी काढलाच नव्हता. मग हा गृहस्थ बघतोय कशाला!

लढाईआधी त्याच गोदीवर दोरांचे जाड पडदे सोडून आत अवाढव्य युद्धनौका बांधली होती. यासोकिची टेकडीच्या वाटेवरचे पहारेकरी. येणाऱ्याजाणाऱ्याची मान डोंगराकडे फिरवायची, हे त्यांचं काम. नौका गेली तरी पहारा चालूच राहिला. जिची राखण केली, ती त्यांनी एकदाही पाहिली नाही.

धाकटा मुलगा सेइजी आता त्या गोदीत वेल्डर होता. एक दिवस तो वैतागून म्हणाला, "बाबा, उद्या माझं जहाज पाण्यात उतरतंय. मी डेकवर असणार. आई नाही, दादा नाही. माझ्याकडं बघायला दुसरं आहे कोण?"

"हुकूम आण. बघतो."

"अहो, कुणाचा हुकूम? आरमारच उरलं नाही!"

"लेफ्टनंट होरिउची उरलेत की. माझ्याकडून शपथ त्यांनीच घेतली होती."

होरिउची उरले होते खरे. स्टेशनासमोर रस्स्यातल्या शेवयांचं दुकान चालवत होते. सेइजीनं बापाला हाताला धरून तिथं नेलं. हकिकत ऐकताच होरिउची हातातल्या पळीसकट ताठ उभे राहिले.

"माझा शिक्का तिसरा. आधी वरच्या दोन साहेबांचे हवेत."

"कुठं असतात ते?"

"एक वारले. दुसरे मधमाश्या पाळतात म्हणे. पत्ता नाही."

सेइजीनं कपाळावर हात मारला. "धन्य आहे! दोघंही एकाच माळेचे मणी. उद्या जहाज आहे हो माझं!"

त्याचा चेहरा बघून होरिउची विरघळले. त्यांनी दुकानाच्या पावतीपुस्तकातला कोरा कागद फाडला, दुकानाचा शिक्का काढला. "खरं तर युद्धनौका गोदीतून बाहेर पडली तेव्हाच ही शपथ संपवायला हवी होती. आम्हीच विसरलो. तीच तारीख घालतो, म्हणजे कागद नीट होईल."

यासोकिचींनी त्यांचं मनगटच धरलं. रस्सा सांडला.

"ती तारीख नको! माझा तात्सुओ त्याच नौकेवर खलाशी होता. नौका पुढं दुरुस्तीला परत आली होती; तिच्यावरून तो शेवटचा गेला त्या दिवशी मी वाटेवर पाठ करून उभा. लोक ओरडत होते, 'अहो, तुमचा थोरला हात हलवतोय!' मी वळलो नाही. तो परत आला नाही. शपथ आधीच संपली होती म्हणालात, तर मी कशासाठी उभा होतो, साहेब?"

सेइजीनं हे कधीच ऐकलं नव्हतं. तो बाकावर बसला. होरिउचींनी कागद पुढं ओढून सावकाश लिहिलं: 'शपथ आजपर्यंत लागू होती. पहारेकऱ्यानं ती चोख पाळली. उद्यापासून बघण्यास हरकत नाही.' खाली आजची तारीख घालून शिक्का उठवला. 'गरम शेवया, होरिउची'.

यासोकिचींनी कागद दोन्ही हातांनी घेतला, तारीख दोनदा वाचली आणि वाकून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी ते टेकडीच्या वाटेवर आपल्या जुन्या जागी उभे राहिले. सोबतीला होरिउची. भोंगा झाला तसे यासोकिची वळले. डेकवरून सेइजी टोपी हलवत होता. यासोकिचींनी हात वर केला आणि हलवत राहिले. जहाज दूर गेलं, माणसं पांगली.

"पुरे की आता," होरिउची म्हणाले. "सेइजी दिसतसुद्धा नाही."

"त्याचं झालं," यासोकिची म्हणाले. "थोरल्याचं राहिलंय."