अर्ध्या किलोचा चाप

ईशान आणि मीरा,

परवा ईशाननं फोनवर रागारागानं सांगितलं की पेंटबॉलच्या स्पर्धेत पंचांनी त्याची बंदूक बाद केली. चाप इतका हलका करून ठेवला होता, की एकदा दाबला तरी रंगाच्या दोन गोळ्या सुटत होत्या. "आणि आई ऐकता ऐकता उठूनच गेली," असंही तो म्हणाला. ती का उठून गेली ते ती तुम्हाला कधी सांगणार नाही, म्हणून मी, तुमची आजी, लिहिते आहे. त्यासाठी तुम्हाला आधी आबा माहीत व्हायला हवेत.

जड काही आबांना सहनच होत नसे. आबा म्हणजे तुमच्या आजोबांचे काका. तापीकाठी त्यांची केळीची बाग होती. जळगावला आमच्याकडे ते दोन दिवसांसाठी यायचे तेव्हा सदऱ्याच्या खिशात पेचकस आणि तेलाची छोटी बाटली असायचीच. चहा होईपर्यंत फाटकाची कडी, नळाची चावी, कपाटाची बिजागरी सगळं सुरळीत करून मोकळे. ते गेल्यावर पंख्याच्या वाऱ्यानं आमचं कपाट आपोआप उघडत असे. त्यांच्या पत्नी, म्हणजे अक्का, वैतागून म्हणायच्या, "यायनं पाळन्याच्या कड्यांले तेल घातलं, तं पोरगं झोपलं तरी पाळना थांबे ना!" त्यावर आबा शांतपणे म्हणत, "तुझेच हात वाचले ना? मंग?"

तुमची आई, सुधा, कॉलेजात असताना एअर पिस्तूल चालवायला शिकली. नव्वदच्या आसपासची गोष्ट. क्लबमधलं एक जुनं पिस्तूल तिच्या वाट्याला आलं होतं आणि त्याचा चाप दगडासारखा घट्ट होता. दहा मीटरवरच्या कागदी चकतीच्या मध्यावर नेम धरायचा, आणि चाप ओढायला जोर लावला की नळी हलून नेम चुकायचा. सुधा रडकुंडीला येई. ही बातमी गावी पोचल्यावर आबा दुसऱ्याच दिवशी पेचकस घेऊन हजर झाले. पिस्तूल हातात घेऊन, डोळे मिटून त्यांनी नुसता चाप दाबून पाहिला आणि म्हणाले, "अडते हे. पोरगी नही चुकत."

नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं, ते मी त्यांना वाचून दाखवलं. चाप हवा तितका हलका करता येत नसे. पंच चापाला अर्ध्या किलोचं वजन अडकवून पिस्तूल वर उचलत. वजन टेबलावरून सुटून लोंबकळलं तरी चाप सुटता कामा नये. सुटला तर खेळाडू बाद. आबांनी वाण्याकडून अर्ध्या किलोचं माप आणलं, त्याला तारेचा आकडा बांधला आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर काम सुरू केलं. स्क्रू केसभर फिरवायचा, वजन उचलून बघायचं, पुन्हा केसभर. शेवटी चाप असा झाला, की अर्धा किलो जेमतेम धरायचा आणि त्यावर एक लवंग ठेवली तरी सुटायचा.

मला धाकधूक वाटली. मी म्हटलं, "आबा, थोडा घट्ट असू द्या. नियमापेक्षा जास्त चालतं, कमी चालत नाही."

ते एकदम ताठ झाले. केळीचे घड तोलताना व्यापारी दांड्याच्या नावानं, ओलाव्याच्या नावानं वजन कापत आलेला. तो सल त्यांच्या मनात कायमचा होता. "सूनबाई, काट्यावर जास्तीचं देता देता माही हयात गेली," ते म्हणाले. "कायद्यानं अर्धा किलो मांगला, अर्धा किलो देतो. वर गुंजभर बी देनार नही. अन् काहून देऊ? माह्या नातीच्या बोटाले त्रास देऊन?"

मी नियमांचं पुस्तक मिटलं. त्या चापावर सुधाचा हात खरोखरच बसला होता. आबा तिच्यामागे खुर्ची टाकून बसत आणि सांगत, "गोळी सुटली हे तुले मांगून कळलं पाह्यजे, आंधी नही."

राज्याच्या संघासाठी निवड धुळ्याला, देवपुरातल्या एका सभागृहात होती. वयाच्या अटीमुळे ज्युनियर गटातलं सुधाचं ते शेवटचं वर्ष. आबा, अक्का आणि मी तिच्याबरोबर एस.टी.नं गेलो. सकाळच्या तपासणीत पंचांनी वजन उचललं, चाप टिकला. आबांनी मिशीवरून हात फिरवून माझ्याकडे पाहिलं.

मग ती खेळली. मी तुम्हाला फक्त एवढंच सांगू शकते की ती त्या वेळी माझी मुलगी वाटत नव्हती. हात सावकाश वर जाई, थांबे, आणि आवाज झाल्यावर तिलाच किंचित नवल वाटल्यासारखं दिसे. तिचं नाव पहिल्या क्रमांकावर पुकारलं गेलं. अक्कांनी भर सभागृहात कानशिलांवर बोटं मोडली.

निवड झालेल्यांची पिस्तुलं पुन्हा तपासायची पद्धत होती. पंचांनी वजन अडकवलं, उचललं. टक्. त्यांनी पुन्हा चाप चढवला, अगदी अलगद उचललं. टक्. इतक्या गोळ्यांच्या हादऱ्यांनी स्क्रू केसभर सरकला होता, आणि सरकायला आबांनी केसभरही जागा ठेवली नव्हती.

आबा प्रेक्षकांसाठी बांधलेली दोरी ओलांडून थेट पंचांच्या टेबलाशी गेले. "साहेब, पोरीनं हात नही लावला त्याले. पेच म्या फिरवला. मले बाद करा."

पंच तरुण होता, भला होता. तो म्हणाला, "आबा, तुम्ही खेळलाच नाहीत. तुम्हाला कशातून बाद करू?"

मी नियमांचं पुस्तक उघडून उभी होते. मला इंग्रजी येत होतं, त्याचा त्या क्षणी काडीचा उपयोग नव्हता. जे लिहिलं होतं ते स्पष्ट होतं. शिंदखेड्याहून आलेल्या एका मुलीचे वडील, त्यांच्याच मुलीचा आता नंबर लागणार होता, ते आबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पोर भारी शे आबा. पन नियमले काय करशात?" सुधानं पिस्तूल पेटीत ठेवलं, पेटी बंद केली आणि म्हणाली, "आबा, चला, चहा घेऊ."

सुधा त्यांना एका शब्दानं बोलली नाही. मला वाटतं, बोलली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. पुढे परीक्षा, मग लग्न, मग तुमचा देश. आबा जळगावला येत राहिले. चहा झाला की माझ्याजवळ येऊन हळूच म्हणत, "सूनबाई, तो कायदा पुन्ना वाच. कुठी काही असंन." मी वाचत असे, प्रत्येक शब्दाचं मराठी करून. ते मान खाली घालून ऐकत आणि शेवटी विचारत, "बस? इतकंच?" अखेरच्या आजारपणात डोळेही उघडत नव्हते, तेव्हाही त्यांनी मला वाचायला लावलं. दुसरं काही वाचून दाखवावं असं मनात आलं होतं. पण मला जमलं नाही. जे होतं तेच वाचलं.

बाद झालेल्या खेळाडूचे गुण कुठेही नोंदले जात नाहीत. आबा गेले, मागोमाग अक्का गेल्या. त्या दिवशी सुधा कशी खेळली हे जाणणाऱ्या आमच्या घरात आता दोघीच आहोत, ती आणि मी.