शटल माझं होतं

वारज्यातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही रविवारी सकाळी बॅडमिंटन खेळायचो, डबल्स. माझे जोडीदार म्हणजे सोसायटीचे खजिनदार. शटल कोणाच्याही वाट्याचं असो, "सोडा, सोडा!" ओरडत हा माणूस आडवा यायचा. त्या रविवारी शटल सरळ माझ्या डोक्यावर आलं. मी "माझं!" म्हणून ओरडलो, तरी हे आलेच, आणि सगळ्या देहानिशी माझ्या उजव्या गुडघ्यावर कोसळले. लिगामेंट तुटलं. ऑपरेशन होऊन मी घरी येईपर्यंत सोसायटीभर वेगळीच कथा पसरली होती. "अहो, उडी झेपली नाही त्यांना. वयाचा विचार करायला नको का?" सांगणारे अर्थातच खजिनदार.

दुखणं मी सोसलं असतं. हे सोसवेना. त्याच तोंडाने त्यांनी खरं काय ते चारचौघांत सांगावं, एवढंच मला हवं होतं.

पहिले काही आठवडे मी मांडीपासून पोटरीपर्यंत ब्रेस बांधून पलंगावर. फिजिओथेरपीची मुलगी यायची आणि टाच मागे सरकवायला लावायची. गुडघा वाकताना डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. "काका, देवाचं नाव घ्या," ती म्हणायची. मी खजिनदारांचं घ्यायचो. गुडघा वाकायचा. "विल पॉवर भारी आहे हं तुमची!" सुडात किती बळ असतं हे त्या पोरीला कोण सांगणार?

मग खेळणारी सगळी मंडळी एकदमच भेटायला आली. एकाने आपल्या आतेभावाचा गुडघा सांगितला, एका बाईंनी हळदीचा लेप. खजिनदारांनी डाळिंबं आणली होती. पलंगाशी उभं राहून म्हणाले, "काही लागलं तर हक्काने सांगा." भेटायला आलेला प्रत्येक जण हे म्हणतो, आणि आजाऱ्याने "छे छे, आलात हेच खूप" म्हणायचं असतं.

"बाथरूमला जायचंय," मी म्हणालो. "धरता का जरा?"

बायकोने डोळे वटारले. खजिनदारांचा चेहरा पडला, पण सगळ्यांदेखत नाही कसं म्हणणार? त्यांनी मला धरून नेलं, कमोडवर बसवलं, दार लोटलं आणि भिंतीकडे तोंड करून हळूच म्हणाले, "खरं सांगू? मीच आडवा आलो."

"ते मला माहीत आहे. बाहेर सांगा. इथूनच, मोठ्यांदा. तोवर मी उठत नाही."

त्यांनी उगाच नळ घट्ट केला. मग दार किलकिलं करून ओरडले, "शटल यांचं होतं! मी मध्ये घुसलो!"

बाहेर कोणीतरी हसलं. "अहो, डबल्समध्ये व्हायचंच! एवढं काय मनाला लावून घेता?" लेपवाल्या बाई म्हणाल्या, "कबूल करायलाही मोठं मन लागतं हो." माफ करायचं की नाही हे मी ठरवणार होतो. माझ्याच घरात, माझाच चहा पिता पिता या लोकांनी ते परस्पर उरकून टाकलं. माझा नुसता संताप झाला. खजिनदार मात्र एकदम हलके झाले होते. माझ्या काखेत हात घालून प्रेमाने म्हणाले, "चला, उठवतो."

मी धडधाकट डाव्या पायावरही जोर दिला नाही. सगळं अंग त्यांच्यावर सोडलं.

"अहो, जरा हळू," ते धापा टाकत म्हणाले.

"न्या सावकाश," मी म्हणालो. "मला घाई नाही."