धाकट्या जावेचं बायबल ॲप

घाटंजीच्या आमच्या चर्चमध्ये कुठलं वचन कुठे आहे, हे सगळे मलाच विचारत. मग धाकट्या जावेनं मोबाईलवर बायबलचं ॲप घेतलं. एका रविवारी पाळकांनी क्षमेबद्दलची वचनं विचारली. मी पानं उलटेपर्यंत तिनं ती वाचूनही दाखवली, वर मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सांगितला. बायका तिच्याभोवती जमल्या आणि माझा नुसता जळफळाट झाला.

आठवडाभर मी तिच्याशी धड बोलले नाही. शेवटी तीच मोबाईल घेऊन आली.

"ताई, मले वचन सापडते, पण उमजत नाही. तुमी समजावून सांगा, मी तुमाले ॲप शिकवीन."

दुपारभर बसून मी शिकले. आता मलाही वचनं झटपट सापडतात. तरी रविवारी तिचं बोट माझ्याआधी पोचलं, की मला अजून खुपतं.