आवाज घ्यायला आलेला माणूस

"सोडा, सोडा त्याला, मरंल तो!" मी ओरडतेय, कडेवर पोरगी, तिच्या कानावर अजून त्याचे हेडफोन, वायर तुटून लोंबतेय, आनि सारसोळ्याच्या जेट्टीवर माझा धाकटा दीर त्या मानसाला वल्ह्यानं हाणतोय. डोकं फुटलंय. कोन पोटात लाथ घालतोय, कोन तोंडावर चप्पल मारतोय. दात पडलेला मी बघितला, जाळ्यावर पडला, पांढरा.

तो सरकारी रेडिओवाला. दुपारी घरी आला होता, पाठीला काळी बॅग, हातात माईक. आमच्या गावातल्या पोरांची गानी रेकॉर्ड करायची होती त्याला. सासऱ्यांनी खुर्ची दिली. ते जन्मभर होडी घेऊन गेले, वारा कसा हाय, दर्यात जायचं का नाय, ते रेडिओनंच सांगितलं त्यांना. तरी त्याला चिडवलंच, "सरकारचा रेडिओ, सरकार सांगंल तेवढंच बोलनार तुमी!"

तो हसला. "तसं नाही काका. वर स्वतंत्र बोर्ड असतो, त्याचा कायदा असतो. पैसा लोकांचा. म्हणजे मालक तुम्हीच."

"सूनबाय, मालकाला अजून एक चाय आन गो," सासरे बोलले.

मंग तो बोलला, मागं पान्याचा आवाज पायजे, म्हनून जेट्टीवर गेलो. पोरगी गायली, नि तेच ऐकवायला त्यानं तिच्या कानाला हेडफोन लावले. तिनं स्वतःचा आवाज कधी असा ऐकलाच नव्हता, डोळे मोठे केले नि एकदम गप्प झाली.

तेवढ्यात दीर आला, चार मित्र घेऊन. त्या आठवड्यात सगळ्यांच्या मोबाईलवर एकच, पोरं पळवनारी टोळी आलीय, सुई टोचून बेशुद्ध करतात.

"वहिनी, हा कोन?"

मी घाईत बोलले, "पोरीचा आवाज घ्यायला आलाय."

तो घरात असंच बोलला होता, आवाज घेतो. मी पन तेच बोलले.

"आवाज घ्यायला?" दिरानं पोरीचा चेहरा धरला. "बाय, काका बोल. बोल ना!" पोरगी घाबरली, तोंडच उघडंना. "बघा रे! पोरीचा आवाज घेतला यानं!"

"अरे, रेडिओवाला हाय तो!" मी बोलतेय.

"रेडिओ कोन ऐकतंय आता?" एकजन हसला. "चॅनेलवाला असता तर माईकवर नाव नसतं? ह्याचा तर बोडका माईक!"

पहिलं वल्हं दिराचं. मंग गर्दीच. तो माईक छातीशी धरून गोळा होऊन पडला, "ताई, सांगा ना, ताई," आनि जबड्यावर वल्हं बसलं, त्याच्यानंतर शब्दच नाय, नुसता घरघर आवाज.

मी पोरीला छातीशी दाबलं नि त्याच्यावर वाकले. वल्हं माझ्या खांद्यावर आलं. पोरगी किंचाळली, अशी किंचाळली का खाडीपल्याड ऐकू जाईल.

सगळे थांबले. पोरीला आवाज होता.

तो जगला. जबडा तारेनं बांधलाय, बोलता येत नाय. सासरे दोन दिवस जेवले नाय. एवढंच बोलले, "मालक म्हनला होता आपल्याला. मालकानंच मारला."

काल पोलीस घरी आले. "ताई, तुमचा जबाब घ्यायचाय. पहिलं कोणी मारलं?"

दीर दारात उभा, माझी पोरगी त्याच्या खांद्यावर. तिचा पाय त्यानं घट्ट धरलेला. हसत बोलला, "सांगा ना वहिनी. गर्दी होती ना?"

नवरा खाली बघतोय. सासरे माझ्याकडं बघतायत. ज्याला बोलायला पायजे त्याचं तोंड बांधलेलं, मंग राहिली मीच. मी तोंड उघडलं, आवाजच येईना.

तुमी माझ्या जागी असता, पोरगी त्याच्या खांद्यावर असती, तर तुमी काय बोलला असता?